आमच्या पोरांकडून फाइव्ह स्टार मागू नका

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला. "अस्सलामु अलैकुम सर. माझी कादंबरी आली. दुआ करा." खाली मुखपृष्ठाचा फोटो. काळी हवेली, तांबडा चंद्र, गॅलरीत पाठमोरी उभी मुलगी. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये तिघांना बोलावून तो फोटो दाखवला. हाच मुलगा आठवीत असताना 'मी पाहिलेला अपघात' या विषयावर अपघातात मेलेल्या माणसाच्या तोंडून निबंध लिहून मोकळा झाला होता. तेव्हा मी त्याला जवळजवळ पूर्ण गुण दिले होते आणि घरी जाऊन बायकोला तो निबंध वाचून दाखवला होता. तिला तो अजून आठवतो.

दुसरा मेसेज संध्याकाळी आला. त्यात पाच तयार अभिप्राय होते. 'रात्रभर झोप लागली नाही.' 'मराठीत असं आजवर झालं नव्हतं.' 'एका बैठकीत संपवलं.' वगैरे. सोबत सूचना : यातला कुठलाही एक घ्यायचा, थोडे शब्द इकडचे तिकडे करायचे, फाइव्ह स्टार द्यायचे. "सर, तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना सांगा ना. आईवडिलांच्या फोनवरून टाकतील. पन्नासेक रिव्ह्यू झाले की पुस्तक वर येतं."

मी नाही म्हटलं. पुस्तक मी विकत घेईन, वाचेन, मुलांना वाचायला देईन, पण हे नाही. त्याचं उत्तर यायला रात्र झाली. "ठीक आहे सर. आपलेच लोक आपल्याला साथ देत नाहीत, मग बाहेरच्यांना काय बोलायचं?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यासाठी नव्हे, तर हे वाक्य आपल्याकडे इतक्या जणांच्या तोंडी आहे की एकदा त्याच्याशी भांडणं भाग आहे.

आधी त्याची बाजू मांडतो, कारण ती खरी आहे. मराठीत बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी पुस्तकांचं दुकानात स्वतंत्र कपाटच नसतं. 'किशोर' मासिक १९७१ पासून आहे आणि त्याचे उपकार आमच्यासारख्या शिक्षकांवर फार आहेत. पण 'किशोर' सुटला की मूल थेट मोठ्यांच्या कपाटापुढे उभं राहतं. मध्ये पायरी नाही. त्यात हा मुलगा नवा, आडनाव असं की लोक विचारतात, "तुम्ही मराठीत लिहिता?" (हा प्रश्न मला वीस वर्षं ऐकावा लागतोय. मराठी शिकवतो हे सांगितल्यावरही.) रविवारच्या पुरवण्यांत परीक्षणाची जागा आकसत गेली, आणि जी उरली तिथे भुताखेतांच्या किशोर कादंबरीला कोण विचारणार? मग ज्याला छापील परीक्षण मिळत नाही त्याने वाचकांच्या अभिप्रायाकडे वळायचं नाही तर कुठे जायचं? इथपर्यंत माझं त्याच्याशी भांडण नाही. वाचकाचा शब्द हेच त्याचं एकमेव भांडवल आहे. म्हणूनच तर तो खोटा पाडू नये.

आणि पुस्तक वाईट नाही, हेही सांगून टाकतो. दोन रात्रींत वाचलं. रत्नागिरीची सोळा वर्षांची मुलगी अकरावीला मुंबईत खालाकडे डोंगरीत राहायला जाते. त्या इमारतीचा चौथा मजला बंद आहे, आणि तिथे जे आहे ते तिच्याबरोबर रत्नागिरीच्या एका जुन्या बंगल्यातून आलेलं आहे. जुनी वास्तू, कोंडलेलं गुपित आणि त्यात अडकलेलं तरुण माणूस, याला गॉथिक म्हणतात. तेच गर्दीच्या शहरात, लोकलच्या डब्यात आणून बसवलं की अर्बन फँटसी. नावं परकी असली तरी माल आपल्याच घरचा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये खाडीकडे तोंड करून त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. समुद्राकडे बघत तीस वर्षं कैदेत घालवलेला राजा ज्या गावात आहे, त्या गावच्या पोराने गॉथिक लिहू नये तर काय लिहावं? त्याच्या कादंबरीत गुरुवारी लोबान फिरवायला येणारा एक फकीर आहे. फक्त त्यालाच चौथ्या मजल्यावरचा उजेड दिसतो. ती पाच-सात पानं मी पुन्हा वाचली.

आता या चांगल्या पुस्तकाला तो स्वतःच काय करतोय बघा. त्याच्या विक्रीच्या पानावर मी गेलो तेव्हा अठरा अभिप्राय होते. सगळे फाइव्ह स्टार. त्यातल्या अकरा जणांची 'रात्रभर झोप लागली नाही'. लोबानवाल्या फकिराचा उल्लेख एकातही नाही. वर्गात एका मुलाला ते पान दाखवलं. त्याने अंगठ्याने वरखाली केलं आणि म्हणाला, "सर, हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय." नववीतला मुलगा. वीस सेकंद लागली त्याला. ज्या वयाच्या वाचकासाठी पुस्तक लिहिलं, त्याच वयाला ही लबाडी सगळ्यात आधी कळते, कारण ती मुलं मोबाइलचं कव्हर घेतानासुद्धा आधी वन स्टारवाले अभिप्राय वाचतात.

नियमांचं म्हणाल तर नियम आहेत. घरच्यांनी, जवळच्या मित्रांनी लिहिलेले, किंवा पैसे-भेटी देऊन लिहून घेतलेले अभिप्राय चालणार नाहीत हे अ‍ॅमेझॉनचेच नियम सांगतात. लेखकाने पुस्तक फुकट वाचायला दिलं तर चालतं, पण बदल्यात चांगलंच लिहा अशी अट घालता येत नाही. आपल्या सरकारनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक जाहीर केलं, आयएस १९०००. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे कुणाच्या दारात पोलीस येणार नाहीत. पण मी नियमासाठी नाही म्हटलं नाही. पकडले जाऊ म्हणून खोटं बोलू नका, असं मी मुलांना शिकवत नाही.

माझा मुद्दा साक्षीचा आहे. मोठ्या गुनाहांबद्दल सांगताना रसूलुल्लाह टेकून बसले होते, आणि खोट्या साक्षीपाशी आले तेव्हा सरळ उठून बसले व ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, ही बुखारीतली हदीस आपण सगळ्यांनी जुम्याच्या बयानात ऐकली आहे. तेव्हा मान हलवायची आणि घरी येऊन न वाचलेल्या पुस्तकाखाली 'एका बैठकीत संपवलं' असं लिहायचं? कुणी म्हणेल, सर, कोर्टातली साक्ष वेगळी, पुस्तकाचा रिव्ह्यू वेगळा, उगाच कशाला दीन मध्ये आणता? आणतो, कारण त्या ओळीवर विश्वास ठेवून कुठल्यातरी गावातली मुलगी ईदीचे अडीचशे रुपये खर्च करणार आहे. आणि मी ज्याच्याकडून ते लिहून घेणार तो चौदा वर्षांचा आहे. त्याचा आयुष्यातला पहिला छापील अभिप्राय खोटा, आणि तोही शिक्षकाने सांगितलेला. मराठीचा शिक्षक म्हणून मला याहून वाईट काही करता येईल असं वाटत नाही.

'आपलेच लोक साथ देत नाहीत' या तक्रारीला उर्दूत एक जुनं उत्तर आहे. उर्दू-फारसीत तक़रीज़ नावाचा प्रकार होता. पुस्तकाच्या शेवटी कुणा थोराने चार कौतुकाचे शब्द लिहायचे. आजच्या मलपृष्ठावरच्या मजकुराचे हे आजोबा. १८५५ मध्ये सर सय्यद अहमद ख़ान यांनी अबुल फ़ज़लच्या 'आईने अकबरी'ची मोठ्या मेहनतीने तपासलेली आवृत्ती तयार केली आणि ग़ालिबकडे तक़रीज़ मागितली. दोघे दिल्लीचे, घरोब्याचे, एकाच समाजाचे. 'आपला माणूस' म्हणायला आणखी काय लागतं? ग़ालिबने फारसीत मस्नवी लिहून दिली. तिचा मतलब थोडक्यात असा की, इतकी बुद्धी तुम्ही गेलेल्या जमान्याच्या कायद्यांवर कशाला खर्च करता? साहेब लोकांकडे बघा, त्यांनी वाफेवर जहाजं चालवली आहेत. मागितलं होतं कौतुक, मिळाला खडा. सर सय्यदांनी ती तक़रीज़ छापली नाही.

यात मला तीन गोष्टी दिसतात. ग़ालिबने पुस्तक मन लावून बघितलं होतं, म्हणूनच त्याला बोलायला काही होतं. सर सय्यदांना राग आला, आणि तो येणारच. मेहनत त्यांची होती. आणि पुढच्या वीस वर्षांत याच सर सय्यदांनी अलिगढला इंग्रजी विद्या शिकवणारी संस्था उभी केली. ती त्या मस्नवीमुळे, असं मी म्हणणार नाही, इतिहास एवढा सोपा नसतो. पण त्या काळात छापलेल्या गोड तक़रीज़ा आज कुणाला आठवतात? न छापलेली ही एक मात्र पावणेदोनशे वर्षं झाली तरी शिकवली जाते.

फार वरचं उदाहरण झालं म्हणत असाल तर खालचं घ्या, खरं तर माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. इब्ने सफ़ी. १९५२ मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली, पुढे इम्रान आला, आणि कोकणात जहाजावर नोकरी करणाऱ्या आमच्या चाचा-मामूंच्या ट्रंकांतून त्या कादंबऱ्या घराघरांत पोचल्या. माझं अर्धं उर्दू त्या पिवळ्या पानांवर झालं. प्रत्येक कादंबरीच्या सुरुवातीला 'पेशरस' असायचा, लेखकाचं छोटं मनोगत. त्यात हा माणूस वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायचा. कुणाला मागची कादंबरी आवडली नाही, कुणाला एखादं पात्र कमी वाटलं, कुणी भलताच सल्ला दिला. तो ते सगळं घ्यायचा, कधी मान्य करायचा, कधी टोला हाणायचा. म्हणजे वाचकाची तक्रार लेखक स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापत होता! आणि त्याचा खप? रेल्वे स्टेशनवरच्या बुकस्टॉलवाल्यांना विचारा, जे उरलेत त्यांना.

मराठीत भयकथेचं असंच झालं. नारायण धारप २००८ मध्ये गेले. समीक्षकांनी त्यांना कधी पंगतीत बसवलं नाही. आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं मात्र कधी कपाटात दिसायची नाहीत, कायम कुणाच्या तरी घरी असायची. त्यांना जिवंत ठेवलं ते एका वाचकाने दुसऱ्याला "हे घे, पण रात्री वाचू नकोस" असं सांगण्याने. त्यांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' २०१८ मध्ये आला. तुंबाड हे आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं गाव, श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला आधीच ठाऊक असलेलं. सिनेमा तेव्हा बेताचाच चालला. पण बघितलेली माणसं सहा वर्षं बोलत राहिली. कुणी म्हणे शेवट ताणलाय, कुणी म्हणे पाऊसच खरा नायक आहे, कुणी नुसता आजीचा प्रसंग सांगत सुटे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसे कमावून गेला. 'शेवट ताणलाय' म्हणणाऱ्यांनीही त्याची तिकिटं खपवली. खरं म्हणजे त्यांनीच जास्त, कारण त्यांच्यावर समोरच्याचा विश्वास बसला.

बरं, खोट्याची सवय एकाच दिशेने राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका नव्या फँटसी लेखकाचं प्रकरण उघडकीला आलं. गुडरीड्सवर खोटी खाती काढून स्वतःच्या येऊ घातलेल्या पुस्तकाला वर चढवायचं आणि त्याच सुमारास येणाऱ्या इतर नवोदितांच्या पुस्तकांना वन स्टार देऊन खाली ओढायचं. ज्यांना ओढलं त्यांत गोरे नसलेले लेखक बरेच होते. प्रकाशकाने पुस्तक छापायच्या आधीच रद्द केलं. ज्या हाताला न वाचता पाच देता येतात, त्या हाताला न वाचता एक द्यायला किती वेळ लागतो? उद्या आमच्या पोरांना कुणी सांगितलं की अमक्याच्या पुस्तकात आपल्या समाजाची बदनामी आहे, चला, वन स्टार टाका, तर काल मीच त्यांना ती वाट दाखवलेली असेल.

आपल्या समाजातल्या पुस्तक-प्रकाशनांबद्दलही एकदा बोलायला हवं. रस्म-ए-इजरा ठरते, गुलपोशी होते, पाच वक्ते येतात. पहिला वक्ता म्हणतो, "किताब अभी मुकम्मल पढ़ी नहीं, लेकिन…" आणि त्या 'लेकिन'नंतर वीस मिनिटं बोलतो. मी स्वतः असा बोललो आहे, एकदा, आणि त्या लेखकाला नंतर तोंड दाखवायला लाजलो. त्याने घरी येऊन विचारलं, "सर, सातवं प्रकरण कसं वाटलं?" सातव्या प्रकरणात त्याने स्वतःच्या वालिदांच्या मौतीबद्दल लिहिलं होतं. मला ते माहीतच नव्हतं. साथ देणं म्हणजे हेच असेल तर ती साथ नको.

तर मी काय केलं ते सांगतो. पुस्तकाच्या दोन प्रती विकत घेतल्या. वर्गात फिरवल्या. एका अम्मीने पुस्तक परत पाठवलं, जिन-भुताचं घरात नको म्हणून. ठीक आहे, तिचा हक्क. (पण त्याच घरात रात्री भुताची मालिका बघतात हे मला तिच्या मुलीनेच सांगितलं.) उरलेल्या सव्वीस मुलांना एकच काम दिलं : वाचताना कुठे थांबलात आणि का, ते लिहा. उर्दूत किंवा मराठीत, जसं येईल तसं. स्टार द्यायचे नाहीत.

मिरकरवाड्यातल्या एका मुलाने, ज्याच्या मराठी शुद्धलेखनापुढे मी हात टेकले आहेत, अर्धं पान लिहिलं. कादंबरीत अमावास्येला रात्री बारा वाजता नायिका भाट्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून लांबवर चालत जाते. त्याचं म्हणणं : अमावास्येला बाराच्या सुमारास आमच्याकडे भरती असते आणि तीही उधाणाची, तिथे वाळू नसते, पाणी असतं, ती बुडेल. "लेखकाने माझ्या अब्बांना विचारायला पाहिजे होतं." पुढे एक ओळ : "पण लोबानवाला बाबा आला तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून अम्मीजवळ जाऊन बसलो." मला सांगा, त्या पाच तयार अभिप्रायांत याच्या तोडीचं एक वाक्य आहे का? हे वाचून तुम्हाला पुस्तक घ्यावंसं वाटतं की नाही?

दुसरं एका मुलीचं. कादंबरीत जे भूत आहे त्याला खवीस म्हटलंय. दाढी, लुंगी, अत्तराचा वास. कोकणातल्या भुतांच्या गोतावळ्यात खवीस म्हणजे अनेकदा मुसलमानाचं भूत. शब्दही आपल्याच ख़बीसवरून आलेला. ती लिहिते, "गावात सगळे खवीस म्हणजे आपला माणूस असं सांगतात. मला वाटलं या पुस्तकात तरी वेगळं असेल, कारण लिहिणारा आपला आहे. त्याने पण तेच का केलं?"

मी हे दोन्ही कागद आणि इतर चोवीस त्याला स्पीड पोस्टाने पाठवले. चिठ्ठी जोडली : "यातले जे हवेत ते मुलांच्या पालकांना विचारून तुझ्या पानावर टाक. अधले मधले शब्द मात्र गाळायचे नाहीत. भरतीचं आणि खवीसचं दुसऱ्या आवृत्तीत बदल, किंवा बदलू नकोस आणि का नाही ते पहिल्या पानावर लिही. एक प्रत नगर वाचनालयाला दे. १८२८ पासून ते लोकांना पुस्तकं देतंय, तुझंही देईल." खवीसबद्दल त्याच्याकडे उत्तर असेलही. कदाचित त्याने मुद्दाम केलं असेल, शेवटी त्या भुताची कहाणी उलगडते तेव्हा मलाही तसं वाटलं होतं. पण ते त्याने त्या मुलीला सांगायला हवं. मी मध्ये बोलणार नाही.

पाकीट पोचल्याचं पोस्टाच्या साइटवर दिसतं. त्याचा अजून काही निरोप नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा आहेत. मिरकरवाड्याचा तो मुलगा मात्र दर दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत दारात येऊन उभा राहतो. "सर, त्यांनी भरतीचं बदललं का?"